उकलायचं ते उलट्या क्रमाने

34 वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. बाकी काही नाही तरी मोजणं आपल्याला येतं, असा माझा पक्का समज होता. तो येवल्यातल्या एका खड्डामागावर, म्हणजे पैठणी विणायच्या हातमागावर, 27 आणि 28 यांच्या मधे कुठंतरी फुटला.

सुरुवात एका फसवणुकीतून झाली. मुलीच्या लग्नात शहरातल्या एका मोठ्या दुकानातून ‘अस्सल हातमागाची’ म्हणून पैठणी घेतली होती. दोन वर्षांनी पदराचा एक धागा तिच्या बांगडीत अडकला आणि ओघळतच गेला. रफू करून मिळेल का, असं विचारत विचारत मी नाशिकहून एसटीने येवल्याला गेले. येवला म्हटलं की कुणाला बाबासाहेबांची 13 ऑक्टोबर 1935 ची घोषणा आठवते, कुणाला तात्या टोपे. माझ्या डोक्यात त्या दिवशी फक्त तो ओघळलेला धागा होता.

तीन घरं फिरून चौथ्या घरात पोचले. ओसरीवर एक म्हातारी बाई बसल्या होत्या. घरात सगळे त्यांना आई म्हणत, पुढं मीही म्हणायला लागले. त्यांनी साडी हातात घेतली आणि पदराकडे न बघताच तो उलटा केला. मागच्या बाजूला एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत धागे नुसते लोंबत होते, कातरून भुरभुरीत केलेले.

“बाई, ही यंत्राची,” त्या म्हणाल्या. “हातानं विणलेल्या पदराला उलट बाजू नसते.”

उलट बाजू नसते म्हणजे काय, ते मला कळेना. कापडाला दोन बाजू असणारच की. त्यांचा मुलगा आत मागावर बसला होता, तो हसून म्हणाला, “बसून बघा एकदा.” त्याने ते सहज म्हटलं असणार. मी मात्र नुकतीच निवृत्त झाले होते, आणि रिकाम्या मास्तरणीला असं काही बोलताना जपून बोलावं.

ठरलं असं की डिसेंबरपासून आठवड्यातले तीन दिवस मी यायचं आणि एक स्टोल विणायचा. फी घ्यायला भाऊ, म्हणजे आईंचा हा मुलगा, तयार होईनात. त्यांची मुलगी दहावीत होती, तिचं बीजगणित कच्चं होतं. दुपारच्या चहानंतर तासभर तिची शिकवणी, हीच फी.

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी हातात धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, मिळेल. पहिले काही दिवस माझ्या हातात नुसती राख होती.

ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. नवा ताणा मागावर चढवताना कंगव्यासारख्या फणीतून आणि वह्यांतून, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्यांच्या डोळ्यांतून, प्रत्येक धागा नव्याने ओवत बसत नाहीत. आधीचं कापड कापून काढताना ताण्याची शेपटं तशीच मागावर ठेवलेली असतात. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या शेपटाला जोडायचा आणि मग सगळं हळूहळू पुढं ओढून घ्यायचं. याला सांधणी म्हणतात. माझा स्टोल 22 इंच रुंदीचा, म्हणजे धागे सोळाशेच्या घरात. पूर्ण साडीचे किती, ते मी त्या दिवशी मुद्दामच विचारलं नाही.

सांधणी आई करायच्या. त्यांना दिसतं कमीच, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. पण या कामाला त्यांना डोळे लागतच नव्हते. शेजारी वाटीत चाळलेली राख. अंगठा आणि तर्जनी राखेत टेकवायची, म्हणजे रेशीम निसटत नाही. जुन्याचं टोक आणि नव्याचं टोक शेजारी शेजारी धरायचं, दोन्ही मिळून एक पीळ द्यायचा, तो पीळ मोडून धाग्यालगत आडवा करायचा आणि पुन्हा एकदा वळायचं. बस. गाठ नाही, कारण गाठ फणीच्या घरातून पार होताना अडते. हे सगळं त्यांच्या बोटांत इतक्या झटक्यात व्हायचं की मला फक्त चिमटी उघडलेली आणि मिटलेली दिसायची. मी दहा जोड केले की त्यातले चार ओढताक्षणी सुटायचे. कधी माझ्या चिमटीत एकाऐवजी दोन धागे यायचे, आणि रेशमाचा धागा एक आहे की दोन हे कळायला मला चष्मा काढून नाकाजवळ न्यावं लागायचं. दोन दिवसांत मी दोनेकशे जोडले असतील. बाकीचे त्यांनी, बोलता बोलता, भाजी निवडावी तसे.

“तुम्ही बघताय म्हणून चुकतंय,” आई म्हणाल्या. “बघू नका.”

मी वर्गात आयुष्यभर “नीट बघा, मग करा” असं सांगत आले होते.

रेशीम बंगळुरूकडचं, जर सुरतेची, हे त्या गावात अगदी शेंबड्या पोरालाही माहीत. कच्च्या रेशमाला नैसर्गिक डिंक असतो, तो गरम पाण्यात उकळून काढला की मग त्याला ती मऊ चमक येते आणि रंगही नीट धरतो. रंगून आलेल्या लडी उघडून आसारीवर घ्यायच्या. या आसारीची एक गंमत. संक्रांतीला येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगांचा धुमाकूळ असतो, आणि तिथं मांजा फिरकीवर नसतो, आसारीवर असतो. मागाशेजारी रेशीम गुंडाळणारी आसारी आणि गच्चीवर पतंगाची आसारी, दोघींचं नाव एकच. ते तीन दिवस आमच्या घरातला माग बंद होता. मीही गच्चीवर गेले आणि दोन पतंग घालवून खाली आले.

माझ्या स्टोलचा ताणा हिरवा, बाणा, म्हणजे आडवा धागा, राणी. दोन वेगळे रंग उभे-आडवे एकमेकांत विणले की कापड हलवताना कधी एक वर येतो, कधी दुसरा. याला धूपछाव म्हणतात. हे मला शब्दाने माहीत होतं, पण पहिली तीन बोटं कापड झाल्यावर मी बाजूने वाकून बघितलं तर पारव्याच्या मानेवर असतो तसा रंग. तो हिरवाही नव्हता आणि राणीही नव्हता. मी काहीच केलं नव्हतं खरं तर, दोन रंग एकमेकांना भेटवले होते फक्त. तरी त्या दिवशी एसटीत मी सारखी स्वतःशीच हसत होते, शेजारच्या बाईने एकदोनदा वळून बघितलं.

खड्डामागाला गुडघ्यांचा त्रास नसतो, हे ऐकून कुणाला खरं वाटत नाही. जमिनीत खड्डा, त्याच्या काठावर फळी, फळीवर आपण, पाय खाली सोडलेले आणि पायांखाली दोन पावड्या. मांडी घालायची नसते. दुखते ती पाठ, खांद्यांच्या मधली, आणि मान. पहिले पंधरा दिवस मी घरी आल्यावर भिंतीला टेकून उभी राहायची.

साधं विणणं वर्णन करायला फार सोपं. डावी पावडी दाबली की ताण्यातला एकाआड एक धागा वर जातो, मधे फट पडते. त्या फटीतून धोटा उजवीकडून डावीकडे टाकायचा, हात्या, म्हणजे फणी बसवलेली चौकट, पुढं ओढून फणीने धागा ठोकायचा. उजवी पावडी, धोटा परत, ठोका. दाब, टाक, ठोक. भाऊंचा माग एका चालीत बोलायचा. माझा माग अडखळत वाचणाऱ्या मुलासारखा. धोटा कधी फटीतून न जाता ताण्याच्या खालून खड्ड्यात पडायचा, कधी पलीकडून सुसाट निघून चुलीपर्यंत जायचा. कुणी काही विचारलं की मी उत्तर द्यायची आणि कोणता पाय आत्ता दाबला होता हे विसरायची. मग एकाच फटीत दोन ओळी. फेब्रुवारीत ऊन चढायला लागलं तशी आणखी एक भानगड. दुपारच्या कोरड्या हवेत रेशीम कडक होतं आणि पटापट तुटतं, म्हणून भाऊ खड्ड्यात ओलं पोतं टाकून ठेवायचे. तरी तुटायचंच. तुटलेल्या धाग्याला नवा तुकडा जोडायचा, वहीच्या डोळ्यातून ओवायचा, फणीच्या नेमक्या त्याच घरातून काढायचा. शेजारच्या घरात गेला तर कापडाला उभी रेघ पडते आणि ती स्टोल संपेपर्यंत सोबत येते.

आणि कडा! कापड विणताना आपोआप आत ओढलं जातं. धोटा परतताना धागा जरा जास्त ताणला की कड एका केसाने आत येते, पुन्हा एका केसाने, असं करत करत 22 इंचांचे माझे साडेवीस झाले. रुंदी ताणून धरायला बांबूची कामटी असते, दोन्ही टोकांना टाचण्या असलेली, ती दर चार बोटांवर पुढं सरकवायची. मी ती सरकवायला विसरायची कारण मला त्या वेळी चाल सापडलेली असायची. हे कबूल करायला हवं की माझ्या सगळ्या मोठ्या चुका चाल सापडलेली असतानाच्या आहेत. अडखळत असताना माणूस सावध असतो.

पण ती चाल! तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, दहा-साडेदहाची वेळ असेल, खिडकीतून तिरपं ऊन ताण्यावर आलं होतं, आणि मला कळलं की बराच वेळ मी मोजत नव्हते. पाय आपले आपण बदलत होते. खट्-खटक, खट्-खटक. डोकं इतकं रिकामं माझं कधी झालेलं मला आठवत नाही, अगदी झोपेतही नाही, कारण झोपेत मी अजून पेपर तपासते. किती वेळ गेला ते कळलं नाही. मग कुणीतरी चहा म्हणून हाक मारली आणि लगेच पाय चुकला.

साधं अंग झालं. राहिला पदर, आणि खरी पैठणी तिथं सुरू होते.

पदरात धोटा कामाला येत नाही. जमीन जरीची, त्यावर रेशमाची नक्षी, आणि नक्षीतल्या प्रत्येक रंगाला स्वतःची छोटी कांडी. तिला तिल्ली म्हणतात. माझ्या पदरात समोरासमोर दोन पोपट होते, बाकी काही नाही. भाऊंनी मला मोर दिला नाही. बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलातला मोर, मागितला तर म्हणाले, “मोराला अजून वेळ आहे, बाई.” दोन पोपटांसाठी ताण्यावर तेरा तिल्ल्या लोंबत होत्या. डावीकडची जर, पोपटाचं हिरवं अंग, लाल चोच, गळ्याची पिवळी पट्टी, मधली जर, असं करत उजव्या काठापर्यंत. एक ओळ म्हणजे पावडी दाबायची, फट उघडी ठेवायची, पहिली तिल्ली आपल्या ठरलेल्या धाग्यांपर्यंत नेऊन ठेवायची, तिथं शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची, मग दुसरी, मग तिसरी. अडकवलं नाही तर दोन रंगांच्या मधे उभी चीर पडते. सगळ्या तेरा झाल्या की एक ठोका. माझी एक ओळ दहा मिनिटं. दिवसभरात अर्धा इंच. धागा जिथं लागतो तिथंच असतो, मागून कुठं उडी मारत जात नाही, म्हणून पोपट पुढून जसा तसाच मागून. आईंचं ते “उलट बाजू नसते” मला या वेळी, पोपटाच्या पायाशी, समजलं. कापड उचलून खालून आरसा धरून बघितलं. खरंच नव्हती.

समोर चौकटीच्या कागदावर नक्षी लावलेली. मधली जर 28 धागे, मग उजव्या पोपटाची लाल चोच. मी 27 वर लाल घेतला.

कळलं अकरा ओळींनंतर. चोच पोपटाच्या तोंडाला न लागता किंचित पुढं आलेली, खालचा ओठ बाहेर काढून रुसलेल्या मुलासारखी. एकच धागा. मी भाऊंना विचारलं, चालेल का? ते उठून आले, बघितलं, काही बोलले नाहीत. परत जाऊन आपल्या मागावर बसले. मला माझा वर्ग आठवला. “बाई, एकच मार्क आहे, द्या ना” म्हणणाऱ्या पोरांकडे मी असंच बघत असे.

वहीत चूक झाली की आपण त्या ओळीवर काट मारतो आणि पुढं जातो. चुकीची पायरी सापडली की तिच्यापुढचं पुन्हा लिहितो, पण मागचं पान फाडत नाही. मागावर चूक तळाशी असते आणि तिच्यापर्यंत जायला वरच्या दहा बरोबर ओळी उसवाव्या लागतात. त्याही उलट्या क्रमाने. शेवटची तिल्ली आधी, मग तिच्या आधीची, पाय उलटे, फट उलटी. मी शेवटी काय केलं होतं हे मला आधी आठवावं लागायचं आणि मग ते मोडायचं. आणि जर म्हणजे रेशीम नव्हे. ती एकदा वळली की वळण विसरत नाही, उकलली की कुरळ्या केसासारखी बाहेर येते, बोटाने सरळ करत तिल्लीवर परत घ्यायची. अकरा ओळी विणायला मला दोन तास लागले होते. उकलायला साडेतीन. शेवटच्या दोन ओळींत माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते चुकीमुळे नव्हतं. त्या वरच्या दहा ओळींत काही खोट नव्हती, मी त्या इतक्या नीट विणल्या होत्या.

त्या दिवशी शिकवणीला मुलगी वर्गसमीकरण सोडवत होती. तिसऱ्या पायरीला चिन्ह चुकलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती शेवटपर्यंत गेली, उत्तर काही केल्या जमेना, मग स्वतःच एकेक पायरी मागं येत तिसरीपाशी थांबली. वेळ लागला. पण 34 वर्षांत मी कुणाला तेवढा वेळ दिला असेल असं मला वाटत नाही.

तिला माग नको आहे. तिला फार्मसीला जायचंय. भाऊंना त्याचं दुःख आहे का, हे मी एकदा आडून विचारलं. ते म्हणाले, साध्या पैठणीला महिना जातो, भरलेला पदर असेल तर कितीतरी महिने, आणि महिनाभर मान खाली घालून बसायचं तर ते ज्याला आवडतं त्यानंच बसावं. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नावाला कायद्याचं संरक्षण आलं. पण दुकानात पदर उलटा करून बघणारं गिऱ्हाईक किती? मीच केला नव्हता. गंमत म्हणजे माझ्या वहीत मी तासांचा हिशोब ठेवला होता. सांधणीपासून शेवटपर्यंत 163 तास. रेशीम आणि जरीचा खर्च वजा करून तासाला काय पडतं ते मी काढलं, आणि ते पान भाऊंना दाखवलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कापड उतरवलं. ताण्याची वीतभर शेपटं मागावर ठेवून भाऊंनी कात्री चालवली. मागावर ताणलेलं असताना कापड सगळं झाकून घेतं. ताण गेला की ते पहिल्यांदा खरं बोलतं. चटईवर पसरल्यावर दिसलं, माझ्या कडा नदीच्या काठासारख्या, सुरुवातीची बोटभर पट्टी जाळीसारखी विरळ, मग एकदम घट्ट, मग बरी. पोपट मात्र दोघेही नीट. चोची जागेवर.

आई चटईपाशी येऊन बसल्या. स्टोल मांडीवर घेतला आणि एका टोकापासून हात फिरवत निघाल्या, डोळे भलतीकडेच, दाराकडे. विरळ पट्टीवरून हात न थांबता गेला, ती नवशिक्याची, त्यात सांगण्यासारखं काय. मधे, जिथं मला स्वतःला काहीच वेगळं दिसत नव्हतं, तिथं त्यांचा अंगठा थांबला. मागं आला. पुन्हा तिथंच थांबला.

“इथं चार-पाच ओळींत ठोका सैल आहे,” त्या म्हणाल्या. “कोण आलं होतं त्या दिवशी?”

मी वहीत बघितलं. 19 जानेवारी, दुपार. कुणी आलं नव्हतं, माझ्या मुलीचा फोन आला होता. तिला दिवस गेले होते. फोन ठेवून मी लगेच मागावर बसले होते, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

मी ते सांगितलं. आईंचा अंगठा तिथंच होता.

“मग हे उकललं नाहीत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून साखर आणायला सांगितली.